मधला स्पीकर

"वायर लई आखूड कापलीस," आण्णा म्हणाले.

मी म्हटलं, आखूडच बरी, मागे वेटोळी पडली की काम गबाळं दिसतं. हे मी त्यांच्याकडे नीट तोंड करून म्हटलं. आण्णांशी बोलताना तोंड त्यांच्याकडे ठेवायचं हे मी गेले पंधरा दिवस कटाक्षाने पाळत होतो. त्याआधीची एकोणतीस वर्षं मी त्यांच्याशी कसाही बोलत आलो होतो, कधी पाठ करून, कधी बनियन डोक्यातून काढता काढता, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही की आपल्या बापाला आपल्याशी बोलायचंच नाही असं समजून फुरंगटून बसत होतो.

इचलकरंजीत मगदूम आप्पांच्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. साल दोन हजार आठ, डिसेंबरचा शेवट. होम थिएटरचं दुकान काढून मला चार महिने झाले होते आणि हे माझं पहिलं मोठं काम होतं. आप्पा म्हणजे आण्णांचे मालक. त्यांच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आण्णा एकतीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. काम मला आण्णांच्या शब्दावर मिळालं होतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मी मात्र भेटेल त्याला सांगत होतो, आप्पांनी तीन दुकानं पालथी घातली आणि माझं ज्ञान बघून काम मला दिलं.

ते ज्ञान तेव्हा मी फार पाजळायचो. होम थिएटरमध्ये खरा मान मधल्या स्पीकरला. मोटारी, पाऊस, मारामारी हे सगळं डाव्या-उजव्या आणि पाठीमागच्या स्पीकरमधून येतं, पण माणसांचं बोलणं जवळजवळ सगळं या मधल्यातून. तो टीव्हीखाली बरोबर मध्यावर ठेवायचा, फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढायचा आणि त्याचं तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे वर करायचं. तो चुकला की पन्नास इंची टीव्ही असो नाहीतर शंभर इंची, माणसं काय बोलतात तेच कळत नाही. आप्पांच्या घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सुताराकडून शोकेस आधीच करून घेतली होती. तिचा मधला कप्पा हातभर खोल. काकूंना स्पीकर पार आत हवा होता आणि पुढे फुलदाणी हवी होती. आत ठेवला की माणसं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी वाटत. मी तो पुढे ओढला आणि आण्णांनी खिशातून सागवानाची पाचर काढून त्याच्या पोटाखाली सारली. माग पाणसळीत घेताना पायाखाली घालतात तशी पाचर त्यांनी घरीच तासून आणली होती. एका फटक्यात बसली.

आता पंधरा दिवसांपूर्वीचं सांगतो.

एका दुपारी आण्णा माझ्या दुकानात पेपर वाचत बसले होते, स्पीकरांकडे पाठ करून. मी आवाज जुळवत होतो. त्यासाठी मशीन एकेका स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज सोडतं. कसा कोण जाणे, आवाज शेवटपर्यंत चढलेला राहिला आणि मी बटण दाबलं. शेजारचा मेडिकलवाला काउंटरवरून उडी मारून धावत आला. समोरच्या झाडावरचे कावळे उठले. आण्णांनी शांतपणे पेपरचं पान उलटलं.

मी आवाज बंद करून त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग दारातल्या मेडिकलवाल्याकडे, मग परत माझ्याकडे. मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

बाहेरच्या माणसाला हे पटायचं नाही, की बाप बहिरा आहे हे मुलाला एवढ्या वर्षांत समजलं कसं नाही. पण आमच्या गावात ते सहज होतं. मागाच्या शेडमध्ये सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा असा दणदणाट असतो की तिथे ओरडून काही उपयोग नसतो, आणि कुणी ओरडतही नाही. माणसं नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. ही सवय घरापर्यंत येते. आमच्या गल्लीत बायका रस्त्याच्या पलीकडच्या बाईला आज भाजी काय केली ते चकार आवाज न काढता सांगायच्या. अशा गावात एखाद्याचे कान हळूहळू गेले तर दिसणार कुठे? आण्णांना समोरच्याचं तोंड दिसलं की सगळं समजत असे.

त्यात गंमत अशी की आण्णा प्रसिद्ध होते ते कानासाठीच. शामराव होगाडे शेडच्या दारात उभे राहतात आणि सांगतात, चौथ्या रांगेतला दुसरा माग दुखतोय. आप्पा ही गोष्ट आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. त्या दुपारी मी आण्णांना विचारलं, मग हे जमतं कसं? ते म्हणाले, "कानानं न्हवं रं. चौकटीला हात लावला की कळतंय. जिमिनीला पाय लागला तरी कळतंय."

मग त्यांनी मला एक गोष्ट मागितली. आप्पांनी नव्या शेडसाठी बिनधोट्याची चोवीस मशिनं मागवली होती. ती नव्या वर्षात यायची होती आणि त्यांच्यावर मुख्य जॉबर कोण, हे आप्पा त्याच सुमारास सांगणार होते. सगळ्यांच्या बोलण्यात आण्णांचंच नाव होतं. आण्णा चौदाव्या वर्षी शेडमध्ये शिरले, जन्मभर जुन्या मागांशी झटले. निवृत्त व्हायला चार वर्षं उरली होती. पगारवाढीचं त्यांनी नावही काढलं नाही.

"एकदा ती मशिनं माज्या हातानं चालू करायची हायत," ते म्हणाले. "तंवर ह्ये कुणाला बोलू नगंस."

मी विचारलं, आईलासुद्धा?

"तिला म्हाईत हाय. तीच तर सगळं सांबाळती."

मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. तो शब्द मी पंधरा दिवस पाळला, आणि पाळायला काही जड गेलं असंही नाही.

आप्पांनी चारची वेळ दिली होती. दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे जेवणं उरकतात, तेव्हा साडेपाचपर्यंत सगळं दाखवून मोकळं व्हायचं होतं. ऐन वेळी कळलं की सांगलीहून काकूंचे भाऊ जिनगोंडा पाटीलही आलेत. त्यांनी पुण्याहून असली सिस्टीम दोन वर्षांपूर्वीच आणली होती, त्यामुळे त्यांना सगळं समजत होतं. त्यांनी आल्या आल्या बास स्पीकरला बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, आमचा याच्या दीडपट आहे.

काकूंना पुढे आलेला स्पीकर बघवेना. त्यांनी फुलदाणी हातात धरूनच सांगितलं की निदान आजच्या दिवस आत सरकवा, पाहुणे आहेत. मी हो हो म्हणत सरकवला, पाचर काढून घेतली. त्या स्वयंपाकघरात गेल्या तसा मी पुन्हा पुढे ओढला आणि आण्णांनी पुन्हा पाचर घातली. या ओढाओढीत ती आखूड वायर मागच्या बाजूने सुटली. मागे हात घालून बघावं एवढंही मला सुचलं नाही. आप्पा सोफ्यावर बसले होते, पाटील घड्याळाकडे बघत होते आणि मला घाम फुटला होता.

पडदे ओढले. आदल्याच दिवशी दुकानासाठी आणलेली एका कौटुंबिक मराठी सिनेमाची डीव्हीडी मी लावली. सुरुवात फार छान होती. पहाटेचं अंगण, डावीकडून पाखरं, मग एक मोटारसायकल उजवीकडून येऊन पाठीमागे गेली. पाटलांनी नाही नाही म्हणता मान वळवलीच. आप्पा खूश झाले.

"आता बोलणं येऊ दे," ते म्हणाले. "मी काही सांगणार नाही. शामराव सांगतील. त्यांच्या कानानं पास केलं की पास."

आण्णा सोफ्याच्या बाजूला उभे होते. मालकांसमोर ते कधी बसत नसत. पडद्यावर एक म्हातारी आणि तिची सून समोरासमोर आल्या, दोघींचे चेहरे पडदाभर झाले आणि त्या तावातावाने बोलू लागल्या. आवाज काही नाही. पाठीमागच्या स्पीकरमधून मोरीतला नळ तेवढा ठिबकत होता.

मी मशीनसमोर गुडघ्यांवर बसलो आणि बटणं दाबू लागलो. माझी पाठ हॉलकडे होती. तेवढ्यात मागून आण्णांचा आवाज आला.

"झकास, मालक. शबूद न शबूद कळतोय."

मी गर्रकन वळलो, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते आणि इतके आनंदात होते की थांबायला तयार नव्हते.

"म्हातारी म्हणती, दागिनं म्या काडलं न्हाईत, कपाटाची किल्ली तुज्याकडंच हुती. बगा की, किती सोच्छ."

नळ ठिबकत होता. काकू काय झालं म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग पाटील हसले. ते म्हणाले की आम्हाला तर काडीचंही बोलणं ऐकू येत नाही, बापलेक ठरवून आलेले दिसतात.

आप्पांनी आण्णांकडे तोंड करून सावकाश विचारलं, "शामराव, इथं बोलणं येतच नाहीये. तुम्ही काय ऐकलं?"

टीव्हीच्या उजेडात आण्णांनी ते वाचलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी आप्पांना हात जोडले.

"चुकलं, मालक. पोराचं पयलं काम, म्हणून बोलून ग्येलो. शिणेमा बगितल्याला हाय म्या, त्यामुळं ठावं हुतं काय बोलत्यात त्ये."

सिनेमा त्यांनी पाहिलेला नव्हता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने एवढं चोख खोटं बोललेलं मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. कुठूनही उसवत नव्हतं. पाटील म्हणाले की एकतीस वर्षं कामाला असलेला माणूस तोंडावर खोटं बोलतो आणि दाजी त्याच्या हातात चोवीस मशिनं देणार, शाबास.

मी उभा राहिलो.

"आण्णा खोटं बोलत नाहीत," मी म्हणालो. "त्यांना ऐकूच येत नाही. फार वर्षं झाली. ते ओठ वाचतात."

आप्पांना ते एकदम पटलं नाही. ते उठले, सोफ्याला वळसा घालून आण्णांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. आण्णांची नजर माझ्यावर होती. आप्पांनी हाक मारली, "शामराव." मग जरा मोठ्याने, "ओ शामराव." आण्णा माझ्याकडे बघत उभे होते. तिसऱ्या हाकेला काकू म्हणाल्या, पुरे करा.

मी कप्प्याच्या मागे हात घातला, सुटलेली वायर सापडली, लावली. हॉलभर म्हातारीचा आवाज दणकन घुमला, अगदी स्वच्छ. सिस्टीम पास झाली.

घरी येताना आण्णा स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. स्कूटरवर त्यांच्याशी बोलता येत नसे, त्यांना माझं तोंड दिसत नसे. त्या दिवशी मला ते फार बरं वाटलं. घरात शिरल्यावर मी आईला सगळं सांगितलं. पाटील कसं बोलले, आण्णांना खोटारडा ठरवत होते, मग मला राहवलं नाही. आईने ऐकून घेतलं. ती आण्णांकडे वळली आणि आवाज न काढता काहीतरी विचारलं. आण्णांनीही आवाज न काढता उत्तर दिलं. ते काय बोलले ते मला दिसलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आप्पा वाईट वागले असं मी म्हणणार नाही. त्यांनी स्वतः आण्णांना गाडीत घालून कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आलेख काढला, आणि ऐकण्याचं यंत्र लावून विशेष फायदा नाही असं सांगितलं. नवी मशिनं आली तेव्हा ती तिशीतल्या एका जॉबरच्या ताब्यात गेली. आप्पांनी आण्णांना समजावलं की परदेशी मशिनं आहेत, कुणी मागून ओरडलं आणि ऐकू आलं नाही तर हात जायचा, उद्या तुमच्या घरी मी काय तोंड दाखवू. त्यांनी कापड तपासायच्या टेबलावर बसा म्हटलं. आण्णा महिनाभर बसले आणि घरी आले.

मग ते रोज माझ्या दुकानात यायला लागले. खरं नुकसान काय झालं ते मला तिथे हळूहळू दिसलं. आण्णा बहिरे आहेत हे गावाला कळलं होतं, आणि कळल्यापासून लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं. काहीजण लहान मुलाशी बोलावं तसे एकेक अक्षर ताणायचे. आण्णा साध्या बोलण्याचे ओठ वाचायला शिकले होते, असल्या बोलण्याचे नव्हे. त्यांना समजेनासं झालं. ते काय, काय असं विचारत आणि लोक आणखी ओरडत. शेवटी लोकांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. त्यांच्याबद्दल काही विचारायचं झालं तरी मला विचारत, आण्णांची तब्येत बरी आहे ना, आणि आण्णा समोर बसलेले असत. माझ्या त्या एका वाक्याच्या आधी ते बहिरे नव्हते. त्यानंतर झाले.

माझं दुकान मात्र जोरात चाललं. आप्पांच्या हॉलमधली सिस्टीम बघून दोन वर्षांत अकरा बंगल्यांची कामं आली. मी शेजारचा गाळा घेतला, काचेची खोली केली. गिऱ्हाईक काचेच्या खोलीत बसलं की मी त्याला मधल्या स्पीकरचं महत्त्व सांगायचो आणि ते सांगताना आण्णांची गोष्ट सांगायचो. चांगली रंगायची. स्पीकर बंद आणि वडील संवाद म्हणून दाखवताहेत, इथे माणसं खो खो हसत. मग पाटलांचं बोलणं, मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझे वडील खोटं बोलत नाहीत. इथे माणसं गप्प होत. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांनी सगळ्यात महाग स्पीकर नेला.

आण्णा बाहेर काउंटरच्या स्टुलावर बसलेले असत, काचेच्या पलीकडे. गोष्ट सांगताना मी त्यांच्याकडे कधी बघत नसे.

सहा वर्षांनी, गणपतीच्या आधीची एक दुपार. जयसिंगपूरचं एक नवराबायकोचं जोडपं गोष्ट ऐकून, स्पीकर ठरवून गेलं. मी काचेच्या खोलीतून बाहेर आलो तर आण्णा स्टुलावरून उठून उभे होते. दुकानात आम्ही दोघंच होतो.

"मालकाचं म्येव्हणं तसं बोललं, ह्ये खरं हाय," आण्णा म्हणाले. "फुडचं सांगत न्हाईस तू."

मी विचारलं, कसलं पुढचं.

"मालक काय म्हणलं त्ये. मालक हासलं हुतं. म्हणलं, बाप हाय त्यो, पोरासाटी बोलला, त्यात काय यवडं. मशिनं शामरावच लावत्याल."

आप्पा तसं म्हणाले होते. अगदी तसंच, हसून, पाटलांना गप्प करत. ही गोष्ट मी आईला सांगितली नव्हती, गिऱ्हाइकांना सांगितली नव्हती, आणि आत्ता इथेही तुम्हाला सांगताना मी ती गाळली. आप्पा बोलले तेव्हा आण्णांचे हात जोडलेले होते, मान खाली होती. मी सहा वर्षं धरून चाललो होतो की त्यांनी ते पाहिलं नाही.

"मग मालक तुज्याकडं वळलं," आण्णा पुढे म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, राग दिसत नव्हता. एखाद्या मागाचं काय बिघडलं ते शिकाऊ पोराला सांगावं तसं ते सांगत होते. "म्हणलं, पर तुजा माल नगं मला. बापाला खोटं बोलायला लावून धंदा करणाऱ्याचा माल घरात नगं, उद्या उचलून न्ये. मंग तू हुबा ऱ्हायलास."

हेही खरं होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी आण्णा नव्हते. दुकानाचं शटर होतं, आणि इचलकरंजीत हे पसरलं की ते कायमचं खाली येणार एवढंच मला दिसत होतं. आण्णा सुटलेले होते. त्यांची मशिनं त्यांना मिळालेली होती, मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. फक्त मी सुटलेलो नव्हतो. मी खोटा माल लादणारा नाही हे सिद्ध करायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, ती मी देऊन टाकली.

"तुमी हे इतकी वर्षं..." मी सुरुवात केली.

"दुकान ऱ्हायलं न्हवं तुजं," आण्णा म्हणाले. "मग झालं. म्या काय त्येच्यासाटी बोलत न्हाई. पर त्ये लोकास्नी सांगतोस, माज्या अब्रूसाटी बोललास म्हणून. त्येवडं नगं सांगू."

एवढं बोलून ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ वाचताना बघतात तसे, जरा पुढे झुकून. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. चुकलो, एवढा एकच शब्द होता. त्याला आवाजसुद्धा लागणार नव्हता. नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना पोचलं असतं.

काउंटरवर माझा फोन वाजायला लागला. त्यांना रिंग ऐकू आली नाही, माझी नजर तिकडे वळलेली तेवढी दिसली. ते तरीही थांबले. जयसिंगपूरच्याच माणसाचा फोन होता, त्याला मधला स्पीकर काळ्याऐवजी तपकिरी रंगात हवा होता. मी फोन कानाला लावला आणि आण्णांकडे पाठ करून त्याच्याशी बोलत राहिलो.